बिअर शॉपीतून टॅपरूमकडे: क्राफ्ट बिअर निवडायची कशी

बिअर शॉपीच्या काउंटरवर बहुतेकांचं बोलणं "दादा, एक स्ट्राँग, चिल्ड" एवढ्यावर संपतं. दादाही वर बघत नाही. फ्रिज उघडतो, बाटली पुढे सरकवतो. ही बिअर कुठे बनली, कधी भरली, कशापासून केली, हे कोणी विचारत नाही आणि विचारलंच तर तो वेड्यात काढेल. क्राफ्ट बिअरकडे, म्हणजे छोट्या ब्रुअरीत थोड्या प्रमाणात केलेल्या बिअरकडे, वळायचं म्हणजे हे तीन प्रश्न विचारायला लागायचं, बाकी फारसं काही नाही. अवघड नावं पाठ करणं, ग्लास नाकाशी धरून डोळे मिटणं वगैरे पुढे जमलं तर जमलं.

खाली लिहिलंय ते पुणे, मुंबई आणि गोवा डोळ्यांपुढे ठेवून. पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झाली आणि आपल्याकडच्या मायक्रोब्रुअरींना, म्हणजे जागीच बिअर बनवून तिथेच पाजणाऱ्या छोट्या ठिकाणांना, तिथून वाट मिळाली. आज पुण्यात इंडिपेंडन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट आहेत, डोंबिवलीहून गेटवेची बिअर मुंबईच्या बारमध्ये पोचते, बंगळुरूची टॉइट पुण्या-मुंबईत आली आहे. म्हणजे शिकायला लांब जायची गरज नाही. वयाची अट मात्र आधीच सांगतो: महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षं पूर्ण हवीत, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५, आणि प्यायचा परवानाही लागतो. एका दिवसाचा, वर्षाचा आणि आजन्म असे त्याचे प्रकार आहेत.

आधी कळू द्या, पैसे कशाचे जातात

मोठ्या कंपन्यांची बिअर वाईट असते असं मी म्हणणार नाही. देशभरच्या डझनावारी कारखान्यांतून, वेगवेगळ्या पाण्यातून, बारा महिने एकाच चवीची बिअर काढणं हे भल्याभल्यांना न जमणारं काम आहे. प्रश्न त्या चवीचा आहे. ती कोणालाच खटकू नये अशा बेताने ठरवलेली असते. बार्लीच्या माल्टसोबत, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीसोबत, तांदूळ, मका किंवा साखर घातली की बिअर हलकी होते आणि स्वस्तही पडते. हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, नावापुरती. आधी दाट बिअर काढून मग पाणी घालून ती अल्कोहोलच्या ठरलेल्या टक्क्यांवर आणणं ही मोठ्या कारखान्यांतली नेहमीची पद्धत आहे. मग गाळणं, पाश्चरायझेशन, आणि बाटली कुठल्याही गोदामात महिनोन्‌महिने पडायला मोकळी.

चवीत फरक थोडा, तेव्हा फरक दाखवायचा तर जाहिरातीतूनच दाखवावा लागतो. आपल्याकडे टीव्हीवर दारूची थेट जाहिरात करायला बंदी आहे, म्हणून त्याच नावाचा सोडा येतो, त्याच नावाचं पाणी येतं, कॅलेंडर येतं, क्रिकेटच्या मैदानावर फलक येतो. एका बिअरच्या नावाची तर विमान कंपनीही निघाली होती. आणि स्पर्धा म्हणावी, तर तिची गोष्ट निराळीच. भारतीय स्पर्धा आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग इंडिया आणि बिअर उत्पादकांची संघटना यांना मिळून सुमारे ८७३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. २००९ ते २०१८ या काळात भाव संगनमताने ठरवले जात होते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. बडवायजरवाली एबी इनबेव्हही त्यात होती, पण तिने स्वतःहून माहिती पुरवल्यामुळे तिचा दंड माफ झाला. तेव्हा "हा ब्रँड की तो ब्रँड" या वादात घसा कोरडा करण्यात फार अर्थ नाही.

पहिली पायरी: कॅन नको, टॅपवरची घ्या

सुरुवात मायक्रोब्रुअरीच्या टॅपरूममध्ये, म्हणजे नळावरून बिअर देणाऱ्या तिच्या बारमध्ये करा. तिथे काचेमागे स्टीलच्या टाक्या दिसतात, त्यांतलीच बिअर समोरच्या नळाला येते. ती बहुतेक वेळा गाळलेली नसते, पाश्चराइज केलेली नसते, आणि ताजी असते. दुपारी किंवा आठवड्यातल्या मधल्या दिवशी जा. शनिवारी रात्री स्पीकर फुटेस्तोवर गाणी लावलेली असतात, वेटरला तुमचा प्रश्नच ऐकू येत नाही.

फळ्यावरची नावं बघून दडपू नका. "सँपलर" किंवा "टेस्टर" मागा. लाकडी पट्टीवर चार ते सहा छोटे ग्लास येतात. कित्येक ठिकाणी एखादी बिअर आवडेल की नाही अशी शंका असेल तर घोटभर चाखायला फुकटही देतात. "दादा, जरा ही चाखायला मिळेल का?" एवढं विचारायला लाजू नका. तो प्रश्न तिथे रोज येतो.

ग्लास डावीकडून उजवीकडे प्यायचे, पण मांडणी तुमची: आधी हलकी, मग गव्हाची, मग कडवट, शेवटी काळी. उलट केलंत तर कडवट आयपीएनंतर हलकी लागर निव्वळ सोड्यासारखी लागेल आणि बिचारीला फुकट नावं ठेवाल.

दुसरी पायरी: चार प्रकार ओळखा, बाकीचे आपोआप कळतील

लागर किंवा पिल्सनर. तुमच्या ओळखीची पिवळी, स्वच्छ बिअर हीच. तिचं यीस्ट, म्हणजे बिअर आंबवणारी बुरशी, थंडीत, साधारण ७ ते १३ अंशांत काम करतं आणि नंतर बिअरला कित्येक आठवडे टाकीत मुरावं लागतं. टाकी अडकून राहते म्हणून छोटे ब्रुअर तिच्या नादाला कमीच लागतात. जिथे घरची लागर असेल तिथे ती आधी मागवा. हिच्यात लपवायला काहीच नसतं. लागर ज्याला जमली, त्याच्या बाकीच्या टाक्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवता येतो.

गव्हाची बिअर. स्ट्राँगवरून येणाऱ्यांनी खरं तर इथेच पाय रोवावेत, कारण कडवटपणा अगदी कमी. हिच्यात दोन घराणी आहेत. जर्मन हेफेवायझनमध्ये निम्मा तरी गहू असतो, आणि ग्लास नाकाशी नेला की पिकलेलं केळं आणि लवंग यांचा वास येतो. आत केळंही नसतं आणि लवंगही. तो सगळा यीस्टचा खेळ. बेल्जियन विट मात्र खरोखरच मसाल्याची: तिच्यात धने आणि संत्र्याची साल पडते. ही पद्धत बेल्जियममध्ये जवळजवळ संपली होती, पियेर सेलिस नावाच्या माणसाने १९६६ मध्ये होगार्डन गावात ती पुन्हा सुरू केली. धने म्हटल्यावर मराठी माणसाने नाक मुरडायचं कारण नाही. भाजीत जसे लागतात तसे ते इथे लागत नाहीत, लिंबाच्या अंगाने जातात.

आयपीए. पूर्ण नाव इंडिया पेल एल. इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी जहाजाने येणाऱ्या बिअरशी तिचं नातं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो ब्रुअरीचा जॉर्ज हॉजसन या व्यापारात पुढे होता. लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स भरपूर असत. आजची आयपीए अमेरिकन वळणाची आहे: संत्रं, आंबा, पाइनच्या लाकडाचा वास, आणि जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळणारा कडवटपणा. तो आयबीयू या आकड्यात मोजतात. नेहमीची लागर पंधराच्या आसपास किंवा त्याखाली, आयपीए चाळीस ते सत्तर. पहिल्या घोटाला "हे काय कारल्याचं पाणी" असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. फळ्यावर "ज्यूसी" किंवा "हेझी" लिहिलेली आयपीए असेल तर ती आधी घ्या. तिच्यात वास भरपूर आणि कडवटपणा बेताचा असतो.

स्टाउट आणि पोर्टर. काळ्या. रंग कडक भाजलेल्या धान्याचा, चव कॉफी आणि कडू चॉकलेटच्या वळणाची. काळी म्हणजे डोक्यात जाणारी हा समज सोडून द्या. टॅपवरची गिनीज ४.२ टक्के असते, म्हणजे आपल्या माइल्डइतकीच. मात्र नावात "इम्पीरियल" दिसलं तर सावध, तिथे टक्के दुपटीवर जातात.

सोबत कडू न चालणारं कोणी असेल तर सायडर किंवा मीड सुचवा. सायडर सफरचंदाची, मीड मधाची. पुण्याची मूनशाइन मीडरी बाटलीत मिळते. या दोन्ही बिअर नाहीत, पण टेबलावर भांडण होत नाही.

तिसरी पायरी: "चिल्ड" हा शब्द विसरा

बर्फासारख्या गार बिअरला चव नसते, कारण गार जिभेला काही कळत नाही आणि गार बिअरमधून वास वर येत नाही. मोठ्या ब्रँडना ते सोयीचं आहे. लागर ४ ते ७ अंशांवर ठीक, गव्हाची त्याहून किंचित वर, आयपीए ७ ते १० आणि स्टाउट १० ते १३. थर्मामीटर नको. फ्रिजमधून काढून लागर लगेच प्या, आयपीए दहा मिनिटं ठेवा, स्टाउट वीस. मे महिन्यात नागपुरात असाल तर निम्मी मिनिटं धरा.

बाटलीतून किंवा कॅनमधून थेट पिऊ नका, ग्लासात ओता. ग्लास तिरका धरून सुरुवात करा, अर्धा भरला की सरळ करा. दोन बोटं फेस यायलाच हवा, वास तिथूनच येतो. "फेस नको, भरून दे" असा आग्रह आपल्याकडे फार. ग्लासवर मापाची रेघ असेल तर बिअर रेघेपर्यंत आहे की नाही ते बघा, फेस तिच्या वर. ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर ग्लास नीट धुतलेला नाही. स्वच्छ ग्लासात प्रत्येक घोटानंतर फेसाची जाळीदार रेघ उरते.

चौथी पायरी: बिघडलेली बिअर ओळखा

ही पायरी लोक गाळतात, आणि पैसे इथेच वाया जातात. क्राफ्ट म्हटलं की चांगलीच असणार, चव विचित्र लागली तर दोष आपल्या जिभेचा, असं नवख्याला वाटतं. तसं मुळीच नाही. छोट्या ठिकाणी बिअर बिघडते, आणि बऱ्यापैकी बिघडते. गाळलेली, पाश्चराइज केलेली नसल्याने ती नाजूक असते. वास लक्षात ठेवा.

लोणी किंवा सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास आला तर बिअर पुरती मुरण्याआधी काढली आहे किंवा नळाची पाइप घाण आहे. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास हेही घाईचंच लक्षण. शिजवलेल्या मक्याचा वास आला तर उकळण्याच्या किंवा गार करण्याच्या वेळी चूक झाली. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर जुनी, तिला हवा लागलेली. व्हिनेगरसारखा आंबटपणा आला आणि फळ्यावर "सावर" लिहिलेलं नसेल, तर पाइप कोणी धुतलेली नाही. सावर हा मुद्दाम आंबवलेला प्रकार आहे, त्याचा आंबटपणा लिंबाच्या किंवा दह्याच्या वळणाचा स्वच्छ असतो, घशाशी जळजळत नाही. केळ्याचा वास हेफेवायझनमध्ये शाबासकीचा, लागरमध्ये तक्रारीचा.

आणखी एक दोष बाटलीतल्या बिअरमध्ये सर्रास सापडतो. ऊन किंवा ट्यूबलाइटचा उजेड लागला की हॉप्समधल्या द्रव्यांतून गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि कुबट, रबर जळल्यासारखा वास येतो. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते, हिरवी आणि पारदर्शक जवळजवळ नाहीच. कॅनमध्ये हा प्रश्न येत नाही. परदेशी हिरवी बाटली महाग म्हणून भारी, असं समजून दुकानाच्या दर्शनी काचेतली उचलू नका.

टॅपरूममध्ये असं काही जाणवलं तर सरळ सांगा: "दादा, हिला लोण्याचा वास येतोय, टाकी नवीन लावली आहे का?" चांगल्या जागी ग्लास बदलून मिळतो, आणि कित्येकदा आतून ब्रुअर स्वतः चाखायला येतो. "सर, ही अशीच असते" असं उत्तर मिळालं तर तिथे पुढच्या वेळी सायडर प्या, किंवा जाऊच नका.

पाचवी पायरी: कॅन उलटी करून बघा

आता दुकानात परत या. भाजीवाल्याकडे पालकाची जुडी उलटून बघतो तशी कॅन उलटून बघायची, तारीख तळाशी असते. लेबलवर "सहा महिन्यांच्या आत" असं लिहिलेलं असलं तरी तो आकडा आयपीएला लागू धरू नका. हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो. तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर घ्या. गव्हाची बिअरही ताजीच चांगली. स्टाउट जरा दम धरते. दुकानदार तारीख बघू देत नसेल तर दुकान बदला, आणि कॅन फ्रिजमधली घ्या, फडताळावर उन्हाळा काढलेली नको.

मग लेबलवर बनवणाऱ्याचं नाव आणि गाव शोधा. पुढच्या बाजूला हाताने काढल्यासारखं चित्र, मागे बारीक अक्षरात भलतीच मोठी कंपनी, असं होतं. युनायटेड ब्रुअरीजनेही किंगफिशर अल्ट्रा या नावाखाली विटबिअर काढली. ज्या होगार्डनचं वर नाव घेतलं ती आज एबी इनबेव्हच्या पदरात आहे. शिकागोची गूज आयलंड ही नावाजलेली क्राफ्ट ब्रुअरी त्याच कंपनीने २०११ मध्ये विकत घेतली. अमेरिकेतल्या ब्रुअरांच्या संघटनेने यावर उपाय म्हणून व्याख्याच करून टाकली: क्राफ्ट नसलेल्या दारू कंपनीचा हिस्सा २५ टक्क्यांहून कमी हवा. आपल्याकडे "क्राफ्ट" शब्दाला असं कुंपण नाही, कोणीही छापू शकतो. मालक मोठा म्हणून बिअर आपोआप वाईट होत नाही, होगार्डन ताजी मिळाली तर मी आजही घेईन. पण "छोट्या माणसाला हातभार" म्हणून जास्त पैसे मोजत असाल तर ते त्याच्याच खिशात जातायत का, एवढं बघून घ्या.

"लोकल" शब्दाचंही तसंच. बिअर पुण्यात बनते, पण हॉप्स बहुतेक अमेरिका किंवा जर्मनीहून येतात, खास माल्टही बरंचसं बाहेरचं. महाग असण्याचं ते एक कारण आहे. दुसरं कारण कर.

गोव्यात कर कमी असल्यामुळे हीच मजा स्वस्तात मिळते. गोवा ब्रुइंगची एट फिंगर एडी ही आयपीए तिथे कॅनमध्ये मिळते. हणजुणच्या जुन्या हिप्पी मंडळींपैकी एकाचं ते नाव. तिथे असताना मनसोक्त चाखा, पण गाडीच्या डिकीत भरून आणू नका. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर गाड्या तपासतात.

चखणा

थोडक्यात. तिखटावर आयपीए नको, कडवटपणामुळे तिखट आणखी भडकतं. मिसळ, कोल्हापुरी रस्सा, तिखट चिकन लॉलीपॉप यांच्याबरोबर गव्हाची घ्या. तळलेली सुरमई किंवा बोंबील आणि बेल्जियन विट ही जोडी जमून येते, धने आणि संत्र्याची साल लिंबाचं काम करतात. सुक्या मटणाबरोबर स्टाउट. खारे शेंगदाणे आणि चकलीला लागरच बरी. आयपीएला साधं, तुपकट काहीतरी द्या, चीज किंवा बटाटेवडा, चटणी वेगळी ठेवून.

किती प्यायची, याचं गणित

स्ट्राँगची सवय असलेले टॅपरूममध्ये पहिल्यांदा हमखास म्हणतात, "चढतच नाही." हिशेब करून बघा. ६५० मिलीची बाटली ८ टक्क्यांची धरली तर तिच्यात ५२ मिली अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये, ४२.८ टक्क्यांनी, १३ मिलीच्या आत. म्हणजे एका बाटलीत चार पेग. त्याउलट ५ टक्क्यांच्या ३३० मिली ग्लासात साडेसोळा मिली, सव्वा पेगच्या आसपास. दोन ग्लास सावकाश, मध्ये पाणी आणि खाणं, यात संध्याकाळ निघते. पैशाचं गणितही इथेच बसतं: क्राफ्टचा ग्लास महाग वाटतो तो चार बाटल्यांच्या सवयीने.

गाडी मात्र घरी ठेवा. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे, आणि ती दीड-दोन ग्लासांतही ओलांडली जाऊ शकते. पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सँपलरचे छोटे ग्लासही मोजायचे.

घरी न्यायची असेल तर

काही मायक्रोब्रुअरी टॅपवरची बिअर मोठ्या बाटलीत, ग्राऊलरमध्ये भरून देतात. सगळीकडे सोय नसते, आधी फोन करून विचारा. भरताना बाटली आधी गार केलेली असावी, बिअर गळ्यापर्यंत यावी आणि झाकण फेसावर बसावं, म्हणजे आत हवा उरत नाही. घरी नेताना उन्हात ठेवू नका, फ्रिजमध्ये आडवी न ठेवता उभी ठेवा. न उघडता दोन-तीन दिवस बरी राहते. एकदा उघडली की त्याच संध्याकाळी संपवा, सकाळपर्यंत गॅस निघून जातो. रिकामी बाटली लगेच गरम पाण्याने विसळून उलटी घाला. साबण लावू नका, त्याचा अंश राहिला तर पुढच्या वेळी फेसच धरणार नाही.